वर गेलेली वायर

४ फेब्रुवारी, बुधवार

वीजबिल मी भरते आणि ते फार येतंय, तेव्हा लाईनमन राजमौळीनं सांगितलं म्हणून ही वही. पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचा आकडा लिही, तारीख-वार घाल, मग बघू, असं म्हणाला. आकडाच लिही, पुराण लिहू नकोस, असंही म्हणाला. मी पाचवी नापास. पण लिहायचंच तर मला वाटेल ते लिहीन. वही माझी, पेन माझं.

सकाळी ४१०६. संध्याकाळी ४११७. एका दिवसात अकरा, रात्र अजून जायचीय!

घरात आहे काय? दोन दिवे, एक पंखा आणि यांचं ऑक्सिजनचं मशीन. मशीन दिवसरात्र मिळून आठ युनिट खातं, ते जावयानं हैदराबादहून आणलं तेव्हाच सांगितलं होतं. मग बाकीचं कोण खातंय? मी तर विड्या वळते. विडीला काय करंट लागतो?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं.

दुपारी वर घरघर सुरू झाली तशी मी यांची नळी छोट्या सिलिंडरला जोडली आणि मेन स्विच खाली ओढला. वरची घरघर बंद. मेन वर केला, घरघर सुरू. तीनदा केलं. तिसऱ्यांदा वरून अंजय्या ओरडला, "करंट गेला का गं खाली?"

"माझा गेला. तुमचा कसा गेला?"



अंजय्या म्हणजे घरमालक. वर तो, त्याची बायको सुलोचना आणि मुलगा. खाली पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची पुष्पाची. पुष्पा शिवणकाम करते, नवरा दुबईला. एकाच घरात अकरा वर्षं झाली आम्हाला, भाडं कधी चुकवलं नाही, आणि हा माणूस माझ्या मीटरवर कारखान्याला कांड्यांवर सूत भरून द्यायचा धंदा करतो.

हे पडल्यापडल्या म्हणाले, "दोन कांडी मशीन आहेत. एकीची चाती सैल आहे. तेल घालत नाहीत ती माणसं."

चाळीस वर्षं मागावर काढली यांनी. सगळं सूत छातीत जाऊन बसलं. तरी कान मागावरच.

"राहू दे अगं," म्हणाले, "ऐकायला बरं वाटतं."

मी म्हटलं, ऐकायचं तर रस्त्यावरच्या कारखान्याचं ऐका. माझ्या मीटरवर गाणं नको.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जिन्यातच गाठला.

"मालक, तुमची वायर माझ्या मीटरवर आहे."

"घर कोणाचं?"

"तुमचं."

"भिंत कोणाची?"

"तुमची."

"मग भिंतीतली वायर कोणाची, कनकक्का?"

"वायर तुमची. त्यातून वर जातं ते माझं."

मागून सुलोचना म्हणाली, "बघा तोंड. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि हिची जीभ अजून चालतेय."

"जीभ काही करंटवर चालत नाही," मी म्हटलं, "नाहीतर तीही वर ओढून घेतली असती तुम्ही."

पुष्पानं मला हाताला धरून आत आणलं. म्हणाली, "अक्का, ताणू नका. खोल्या खाली करा म्हटला तर कुठं जाल? असा आजारी माणूस घेऊन दारात गेलं तर कोण घर देणार?"

असा म्हणजे कसा? धुळीचा खोकला आहे. या गावात मागावरच्या कुणाला नाही?

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. वेमुलवाड्याला राजन्नाच्या दर्शनाला जायचं राहिलं. घरूनच हात जोडले. उपास मी केला. हेही काही खाल्ले नाहीत, पण तो उपास नव्हे. पाणी दोन घोट.

सणाचं तरी वर मशीन बंद ठेवेल असं वाटलं. चालूच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पोशेट्टी गेला. यांच्याच कारखान्यातला, यांच्या मागाला लागून त्याचा माग. त्याचंही दुखणं हेच.

जीव दवाखान्यात गेला. त्याच्या घरमालकानं निरोप पाठवला, परस्पर न्या, इकडे आणायचं नाही. भाडेकरूचं मढं घरातून निघालं की मालकाला सहा महिने कुलूप घालावं लागतं, शांती करावी लागते, घरात मंगलकार्य होत नाही. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. गावात मात्र सगळ्यांना पाठ. पोशेट्टीची बायको मालकाच्या पाया पडली. दार उघडलं नाही त्यानं.

मग पाण्याच्या टाकीजवळ, रस्त्याच्या कडेला, निळ्या प्लास्टिकखाली ठेवला. आंघोळ घालायची तर आडोसा नाही. चौघी बायकांनी साड्या धरल्या. एक टोक मी धरलं. तेवढ्यात करीमनगरची बस आली. माणसं खिडकीतून वाकून बघत होती. वाऱ्यानं माझ्या हातातलं टोक सुटलं. मी परत धरलं, पण तोवर बघायचं ते बघून झालं होतं त्यांचं.

घरी आले तर यांनी विचारलं, "कुठं ठेवला?"

"टाकीपाशी."

"रस्त्यावर?"

"कडेला."

 मग म्हणाले, "माझ्या वेळी बाजूनं बस जायला नको. दारातून ने मला."

मी म्हटलं, तुमच्या वेळेचं बघायला मला सवड नाही, पानं भिजत घातलीत. फार लागेल असं बोलले का मी? बोलून गेले.

बाहेर अंजय्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. तोही पोशेट्टीला बघून आला होता. आमच्या दाराकडे मान वाकडी करून मशीनचा आवाज ऐकत होता. मी पडदा ओढला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

राजमौळी आला. वही बघून म्हणाला, "आकडे लिही म्हटलं होतं. ही भांडणं कशाला?"

"आकड्यांच्या मागे भांडणंच आहेत. वाच."

दारात बसून वाचलं सगळं. पोशेट्टीच्या पानावर आला तेव्हा हसू गेलं त्याचं. मग वर जाणारी वायर बघितली, हात लावून बघितली. "गरम आहे," म्हणाला. "दोन मोटरी, त्यात तुमचं मशीन. उन्हाळ्यात फ्यूज उडत राहणार."

"मग तोड."

"अक्का, मीटर अंजय्याच्या नावावर. तक्रार त्याचीच लागते."

"म्हणजे अंजय्यानं अंजय्याविरुद्ध करायची?"

"तसंच."

"आणि पंधरा दिवस मला लिहायला कशाला लावलंस मेल्या?"

वही माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी. सांगतो, खाली ऑक्सिजनवर माणूस आहे. तुझ्या मोटरीपायी करंट जाऊन त्याला घरात काही झालं तर तुझ्याच गळ्याशी येईल."

वर गेला. बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा चहा पिऊन आला होता. वायर होती तिथंच होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार

यांना रिक्षानं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छाती ऐकली, पायाची सूज दाबून बघितली. मी म्हटलं, पथ्य काय ते लिहून द्या. म्हणाला, "पथ्य काही नाही आता. मागतील ते द्या खायला."

एवढं बरं वाटलं! डिसेंबरात हाच डॉक्टर मीठ नको, तळलेलं नको करून डोकं खात होता. येताना मटण घेतलं. तिखट कालवण केलं, यांना आवडतं तसं. दोन घास खाल्ले. म्हणाले, झकास झालंय. बाकीचं पुष्पाला दिलं.

हैदराबादला श्यामलाला फोन केला. म्हटलं, अप्पांचं सगळं पथ्य उठवलं डॉक्टरनं. पोरगी म्हणाली, "अम्मा, मी येऊ का?"

"कशाला? परीक्षेच्या दिवसांत पोरं टाकून?"

तिचा आवाज बसला होता. तिकडे थंड पाणी फार पितात.

४ मार्च, बुधवार

अंजय्या घाबरला वहीला! परवापासून माणूसच बदललाय. सकाळी, "कसे आहेत आज?" दुपारी, "झोप लागली का?" संध्याकाळी पुन्हा, "खाल्लं का काही?" सुलोचनेनं ताक पाठवलं. अकरा वर्षांत या बाईनं ताकाचं भांडं नुसतं दाखवलंही नव्हतं.

त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय. उगादीच्या पाडव्यानंतर आठ दिवसांनी. मांडव इथंच, दारात. रंग द्यायला माणूस येऊन बघून गेला. आमच्या खोल्याही आतून बघितल्या त्यानं. मी म्हटलं, आमच्याही रंगवणार? सुलोचना म्हणाली, "बघू, खाली झाल्यावर." बोलून जीभ चावली तिनं. बहुतेक सामान खाली झाल्यावर असं म्हणायचं असेल.

कांडी मशीन चालूच. ताकावर मी भुलणार नाही. पण ताक चांगलं होतं.

हे आज बसूनच होते. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणाले. नखं निळसर दिसतात. खिडकीला निळं प्लास्टिक आहे, त्याचा उजेड.

८ मार्च, रविवार

आज मी मूर्ख बनता बनता वाचले.

सकाळी अंजय्या स्वतः रिक्षा घेऊन आला. म्हणाला, "करीमनगरला माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे. तिथं ठेवा आठ-पंधरा दिवस. सगळं मी बोललोय. तुम्हाला काही द्यायचं नाही. अक्का, शेजारधर्म आहे."

मी मनात म्हटलं, जिंकलो! पिशवी भरली. यांना दोघांनी उचलून रिक्षात बसवलं, छोटा सिलिंडर मांडीवर दिला. हे दाराकडे बघत होते, वळून वळून.

मी चढणार तोच पुष्पा मागून आली. हातात माझी चप्पल, म्हणजे बहाणा. कानात म्हणाली, "अक्का, सुलोचनानं काल नवीन कुलूप आणलंय. मोठं. त्या हॉस्पिटलमधून तुमचे लिंबाद्रीअण्णा परत आले तरी या दारात येणार नाहीत. आणि आले नाहीत तर..."

  डोळ्यांसमोर टाकी आली आणि करीमनगरची बस.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "उतरव."

अंजय्या म्हणाला, "असं काय करता?"

"पोटात दुखतंय माझ्या."

"मग त्यांना जाऊ दे पुढं, तुम्ही मागून या."

"अकरा वर्षं माझ्या मीटरवर जगलास, आता माझ्या नवऱ्याला कुठं पाठवायचं तेही तूच ठरवणार? उतरव म्हटलं ना!"

पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. जिभेला बरं वाटलं.

मशीनला परत जोडल्यावर यांनी माझा हात धरला. घट्ट नाही. घट्ट धरायची ताकद नाही आता.

१० मार्च, मंगळवार

अंजय्या येऊन हात जोडून उभा राहिला.

"कनकक्का, एकच पोरगा आहे मला. मांडव इथं पडायचाय. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"वायर काढ."

"वायर काढतो. लग्न होऊ दे, कांड्या द्यायच्यात कारखान्याला, मग काढतो. तुम्ही फक्त यांना..."

"यांना काय? बरे होतायत हे."

त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, कारण त्याच्या डोळ्यांत कीव होती.

मग चिडला. "मीटर माझ्या नावावर आहे! आजच्या आज तोडायला लावीन."

"तोड. ते छोटं सिलिंडर अर्धा तास चालतं. अर्ध्या तासानं तुझ्याच घरात, तुझ्याच छपराखाली. लावून घे मग मांडव."

पांढराफटक पडला. तेव्हा मला कळलं. या गावात माझ्या नवऱ्याच्या श्वासाची काळजी माझ्याखालोखाल अंजय्यालाच आहे. तो करंट कधी तोडणार नाही.

आता खरं लिहिते. मी पाचवी नापास आहे, आंधळी नाही. डॉक्टर काय म्हणाला ते मला त्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर कळलं असावं. तरी मटण घेतलं. काय करणार होते? कळलं म्हणून जेवायला घालायचं सोडायचं?

१४ मार्च, शनिवार

हे गेले. सकाळी अकराच्या सुमारास.

मी पाठीला टेकू देऊन बसले होते. म्हणाले, "चातीला तेल घातलं वाटतं." खरंच, वरच्या मशीनची खरखर आज नव्हती. मी म्हटलं, लग्नघर आहे, घातलं असेल. मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोप लागली. चार दिवसांत झोप नव्हती.

मग कळलं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पडद्यापलीकडे जिन्यावर अंजय्याची पावलं आली. "कसे आहेत आज?"

"झोपलेत," मी म्हटलं. आवाज कुठून आला ठाऊक नाही.

थांबला. मशीन चालू होतं, फुस्स-ठक, फुस्स-ठक. ते ऐकलं आणि वर गेला.

म्हणून मशीन बंद केलं नाही. नळीही नाकातून काढली नाही, न जाणो वाकून बघितलं कुणी. हनुवटी फडक्यानं बांधली, वर शाल कानापर्यंत घेतली. पायाचे अंगठे बांधले. पुष्पाला बोलावलं. ती दारातच समजली, पदर तोंडात कोंबला. मी म्हटलं, "रडलीस तर बघ. श्यामलाला फोन कर. सगळ्यांना घेऊन यायला सांग. आपली दहा माणसं दारात उभी राहिली की मग बघू कोण रस्त्यावर काढतो ते. तोवर हे झोपलेत."

श्यामला जावई आणि दिरांना घेऊन बाराच्या बसला बसली. चारपर्यंत पोचेल.

आणि मी काय केलं? सूप घेतलं, उंबऱ्यात बसले आणि विड्या वळायला लागले. रोज बसते तशी. नाही बसले तर वरून दिसेल. पाठीमागे ते आणि फुस्स-ठक. सहा कट्टे वळले. एकाही विडीचा दोरा नीट नाही.

दीड वाजता वर पाहुणे आले. कूलर लावला असणार, कांडी मशीन तर चालूच. फट्कन आवाज झाला आणि सगळं बंद. पंखा बंद, वरची घरघर बंद. आणि मागचं फुस्स-ठक बंद.

एवढी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती. पुष्पा माझ्याकडे बघत राहिली. वर कुठंतरी भांड्याचा आवाज झाला, तोही थांबला. सगळं घर कान देऊन होतं.

रोज फ्यूज गेला की मी काय करते? बोंबलते. आज गप्प बसले तर?

उठले आणि जिन्यात जाऊन बोंबलले. "अंजय्या! अरे मारशील माझ्या नवऱ्याला! श्वास अडकलाय त्यांचा! तुझ्या कांड्या जळोत!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ओरडताना रडू फुटलं. तेवढं फुटू दिलं. श्वास अडकल्याचं रडू कुणाला वेगळं ओळखू येतं?

अंजय्या अनवाणी धावत आला. अर्ध्या गालाला साबण, हातात पक्कड. पडद्याकडे आला तशी पुष्पा आडवी उभी राहिली. "आधी करंट!" ती किंचाळली. एवढीशी बाई! तो वळला, मीटरपाशी गेला आणि वर जाणारी वायर पकडीनं कापली. पाहुण्यांसमोर. सुलोचना वरून म्हणत होती, अहो कांड्या, कारखान्याला काय सांगणार, अहो! त्यानं वर बघितलंच नाही. वायर ओढून काढली, तिच्याबरोबर भिंतीचा चुना पडला त्याच्या डोक्यावर. फ्यूजला तार घातली. 

फुस्स-ठक.

"आला का?" त्यानं विचारलं. "श्वास आला का?"

पडदा मध्ये होता. "ऐक ना," मी म्हटलं.

त्यानं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग तिथंच मीटरखाली बसला आणि साबणाचा गाल पुसत म्हणाला, "देवा राजन्ना, एवढे दोन आठवडे."

मला त्याची दया यायला नको होती.

आता तीन वाजून गेलेत. विड्या बाजूला ठेवल्यात, वही घेतलीय. या वेळेला मी रोज लिहिते, कुणाला नवल नाही. अंगण झाडून शिंपडलं. मोठं पातेलं नळाखाली लावून भरलं, बादल्या भरल्या. सुलोचना ताकाचं भांडं घ्यायला आली. पाणी बघून म्हणाली, "एवढं कशाला?"

"आंघोळ घालायचीय यांना. श्यामला येतेय."

"इथं दारात?"

"दारातच. इथं ऊन आहे."

तिनं पडद्याकडे बघितलं. मशीन ऐकलं. तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "आंघोळ घालताय म्हणजे बरं वाटतंय. गार पाण्यानं नका घालू हो. वरून गरम पाठवते."

पाठवली. पितळी बादली, वर झाकण. वाफ येतेय.

श्यामलाचा आत्ताच फोन होता, बस टाकीपाशी आलीय.